गगनबावड्याचा नकाशा कुणापासून लपवायचा?

शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं १८ नोव्हेंबर १९६२ रोजी. त्यासाठी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन कोल्हापुरात आले होते. त्याच दिवशी लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंग आणि त्यांची कुमाऊं रेजिमेंटची कंपनी अखेरच्या गोळीपर्यंत लढत होती. तीन दिवसांनी, २१ तारखेला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. ते राजाराम कॉलेजचे माजी विद्यार्थी. त्यांच्याच मुख्यमंत्रिपदाच्या काळात हे विद्यापीठ उभं राहिलं. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आमच्या पिढीने शाळेत असल्यापासून ऐकलं. त्याच आठवड्यात सह्याद्रीने आपल्या शेतकऱ्या-कुणब्यांच्या पोरांसाठी एक विद्यापीठही सुरू केलं होतं, हे मात्र वर्धापनदिनाच्या भाषणांतही फारसं कुणी बोलत नाही.

मला ही गोष्ट फार मोठी वाटते. देशात आणीबाणी जाहीर होऊन तीन आठवडे झाले होते, सरहद्दीवरून येणारी एकही बातमी धड नव्हती. कार्यक्रम पुढे ढकलला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तरी तो झाला. त्या वेळच्या माणसांना विद्यापीठ आणि संरक्षण ही एकाच घरातली दोन कामं वाटत होती. एकासाठी दुसरं थांबवावं असं त्यांना वाटलं नाही. पुढच्या वर्षी कॉलेजांत एनसीसी सक्तीची झाली, १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. गणवेश आला, पण वर्ग बंद पडले नाहीत.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. ज्या तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, तिथे लष्कर म्हणजे पेपरातली बातमी नसते. आमचे अण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांची आंतर्देशीय पत्रं यायची आणि त्यांवर पत्ता असायचा '५६ एपीओ', म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा नुसता क्रमांक. गाव नाही, जिल्हा नाही. आई पत्र उलटंपालटं करून बघायची आणि म्हणायची, "पण हैत कुठं म्हणायचं?" आजोबा सांगायचे, "ते इचारायचं नसतंय." एकाहत्तरच्या लढाईत महिनाभर तेवढंही आलं नाही. मग अण्णा रजेवर आले. पहिल्याच संध्याकाळी अंगणात काठीने त्यांनी नदी ओढून दाखवली, पलीकडे जमालपूर काढलं आणि ब्रह्मपुत्रा कशी ओलांडली ते शेजारपाजाऱ्यांसकट सगळ्यांना सांगितलं. माझ्या आयुष्यातला तो भूगोलाचा पहिला तास.

गुप्तता मला अशी घरात भेटली. तिला कारण होतं, ते कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते संपलं की ती संपत होती. 'देशाच्या सुरक्षेचं काय?' असं कुणी विचारलं की मला राग येत नाही. तो प्रश्न माझ्या माहेरचा आहे. पण पुढे भूगोल शिकवताना जी गुप्तता मी पाहिली तिला कारण विचारायची सोय नव्हती आणि शेवटही नव्हता.

भूगोलाच्या प्रत्येक विभागात एक लोखंडी कपाट असतं. त्यात सर्व्हे ऑफ इंडियाचे स्थलनिर्देशक नकाशे, म्हणजे आमच्या भाषेत टोपोशीट. किल्ली विभागप्रमुखांकडे, आणि सोबत एक वही: कोणतं शीट, कुणी घेतलं, कधी परत केलं, सही. गगनबावडा येतो ४७ एच/१४ या शीटवर. एकास पन्नास हजार प्रमाण, दर वीस मीटरला एक तपकिरी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. सह्याद्रीच्या कड्यापाशी त्या रेषा इतक्या दाटतात की कागदावर तपकिरी डाग पडल्यासारखा दिसतो, आणि त्या डागातून करूळ घाट आणि भुईबावडा घाट अशा दोन लाल वाटा वळत वळत कोकणात उतरतात. पूर्वेकडे निळे ओढे निघून कुंभीला मिळतात, तिथून पंचगंगेला. भूगोलाच्या माणसाला त्या एका कागदावर तासन्‌तास बसता येतं. पण त्याच्या माथ्यावर छापलेलं असायचं, 'रिस्ट्रिक्टेड'.

कारण काय? सरहद्दीपासून आणि समुद्रकिनाऱ्यापासून साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे संरक्षणाच्या दृष्टीने प्रतिबंधित होते. कोल्हापूर शहर त्या पट्ट्याच्या थोडं बाहेर, गगनबावडा आत. शीटची झेरॉक्स काढायची नाही, प्रबंधात छापायचं तर परवानगी हवी, नकाशे सुरक्षित असल्याचा दाखला द्यायचा. साठच्या दशकात हे नियम झाले तेव्हा त्यात तथ्य होतं. किनाऱ्यावर उतरणाऱ्या शत्रूला घाटवाट दाखवणारा कागद सहज मिळू नये, एवढं साधं ते होतं.

माझ्याकडे एक विद्यार्थी होता, गगनबावडा तालुक्यातल्या एका वाडीतला. पावसाळ्यात घाटात दरड कुठे आणि का कोसळते, हा त्याचा पीएचडीचा विषय. त्याची चुलती गरोदरपणात दरडीमुळे रस्त्यात अडकली होती. विषय त्याने पुस्तकातून काढला नव्हता. त्याने उतार मोजले, मातीचे नमुने आणले, ओढ्यांच्या वाटा काढल्या. प्रबंधाच्या छपाईआधी एकच प्रश्न उरला: नकाशा छापायचा की नाही? ज्या डोंगरात तो गुरं राखत वाढला, त्या डोंगराचा नकाशा प्रबंधात घालायला त्याला परवानगी लागत होती. अर्ज गेला, स्मरणपत्र गेलं, उत्तर आलं नाही. शेवटी त्याने हाताने एक ढोबळ आराखडा काढून जोडला. समोच्चरेषा नाहीत, उंची नाही. दरडीवरच्या प्रबंधात उतारच नाही.

आणि हे सगळं होत असताना करूळ घाटाचं एकेक वळण उपग्रहाच्या चित्रात कुणालाही मोबाइलवर दिसत होतं. गूगल अर्थ आलं २००५ मध्ये. त्याच वर्षी आपल्या सरकारने राष्ट्रीय नकाशा धोरण आणलं, संरक्षणासाठी वेगळी मालिका आणि लोकांसाठी वेगळी खुली मालिका केली. २०१७ मध्ये खुल्या मालिकेतले नकाशे 'नक्शे' या पोर्टलवर फुकट मिळू लागले. १५ फेब्रुवारी २०२१ ला तर नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरचे बहुतेक परवाने सरकारने काढूनच टाकले. हा निर्णय मला मनापासून आवडला आणि मी तो वर्गात वाचून दाखवला. पण कित्येक विभागांत कपाटाची किल्ली अजून विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्येच आहे. नियम बदलला हे खाली कुणी कळवत नाही, आणि कळलं तरी जुनी भीती नव्या परिपत्रकाने जात नाही.

तर मग हा नकाशा इतकी वर्षं कुणापासून लपला? परदेशी उपग्रहापासून नाही, घाटात सेल्फी काढणाऱ्या पर्यटकापासून नाही. लपला तो फक्त गगनबावड्याच्या त्या पोरापासून.

नद्यांचं तसंच. पंचगंगेवर राजाराम बंधाऱ्याची पातळी किती, हे पावसाळ्यात कोल्हापुरातलं शेंबडं पोरही सांगतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच गत. या काळात कर्नाटकातल्या आलमट्टी धरणामुळे पूर वाढला की नाही यावर केवढे वाद झाले! पुराची कारणं तपासणाऱ्या वडनेरे समितीचा अहवाल आला, शिरोळच्या शेतकऱ्यांनी, अभियंत्यांनी, आमच्यासारख्या शिक्षकांनी आपापली आकडेमोड मांडली. कुणाचं बरोबर हा वेगळा विषय. पण आकडे समोर होते म्हणून भांडता आलं. दक्षिणेकडच्या नद्यांच्या प्रवाहाची माहिती केंद्रीय जल आयोगाकडून मिळू शकते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांची माहिती मात्र गोपनीय धरली जाते, कारण त्या नद्या सरहद्द ओलांडतात आणि पाण्याच्या वाटाघाटी चालू असतात.

एका रिफ्रेशर कोर्समध्ये उत्तर बिहारचे एक प्राध्यापक माझ्या गटात होते. कोसीवर काम करायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडे पुराचे दैनंदिन आकडे कुठून मिळतात. मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की माझा पुरावरचा अख्खा अध्याय वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर उभा आहे. दरवर्षी ज्या नदीत माणसं वाहून जातात तिच्या पाण्याचा हिशेब त्या काठच्या प्राध्यापकाला मिळू नये, याने देश किती सुरक्षित होतो? वाटाघाटींपुरती काही माहिती राखून ठेवावी, हे मी समजू शकते. पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या पुराचे आकडे? त्यांना कधीतरी मुदत संपली असं म्हणायला नको का?

आता मनाईपेक्षाही ज्याची मला जास्त काळजी वाटते ते सांगते. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषदांबद्दल नियम काढले. देशाची सुरक्षा, सरहद्द, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, लडाख, किंवा भारताच्या निव्वळ अंतर्गत बाबी, यांच्याशी संबंधित विषय असेल तर सरकारी विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी आधी परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी घ्यायची. तेव्हा आम्ही एका कॉलेजात महापुरांवर एक छोटं चर्चासत्र ठरवत होतो. नेदरलँड्समधले एक अभ्यासक बोलणार होते, बांगलादेशातल्या एक बाई नदीच्या गाळावर बोलणार होत्या. पैशांचा प्रश्न नव्हता, दोघंही विनामूल्य येत होते. बैठकीत कुणीतरी विचारलं, "पूर ही अंतर्गत बाब धरायची का?" कुणाला उत्तर देता येईना. मग दुसरा प्रश्न, "आणि विचारायचं कुणाला?" त्याचंही उत्तर नाही. चहा आला, संपला, आणि चर्चासत्र 'तूर्त स्थगित' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं.

भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि भारतीय विज्ञान अकादमी या दोन मोठ्या संस्थांनी त्या नियमांविरुद्ध सरकारला पत्रं लिहिली आणि फेब्रुवारी संपायच्या आत सरकारने ते नियम मागे घेतले. सरकारने ऐकलं, याचं श्रेय सरकारला द्यायलाच हवं. पण आमचं चर्चासत्र पुन्हा भरलं नाही. कुणी मनाई केली नव्हती, त्यामुळे मनाई उठल्याचंही कुणाला जाणवलं नाही. पोलीस आले नाहीत, नोटीस आली नाही, फक्त एक विषय यादीतून गळला. दिल्ली-मुंबईच्या संस्थांकडे वकील असतात, मंत्रालयात फोन लावणारी माणसं असतात. गडहिंग्लज किंवा कागलच्या कॉलेजात प्राचार्य, एक हेडक्लार्क आणि नॅकच्या मूल्यांकनाची फाईल असते. तिथे शंका आली की तिला 'नको' हेच एक उत्तर असतं. नियमातला एक सैल शब्द दिल्लीत चर्चेचा विषय होतो, आमच्याकडे तो काम बंद पाडतो.

हे कोल्हापूरला नवीनही नाही. राजाराम कॉलेजात विष्णु गोविंद विजापूरकर नावाचे संस्कृतचे प्राध्यापक होते. 'ग्रंथमाला' चालवायचे, 'विश्ववृत्त' हे मासिक चालवायचे, राष्ट्रीय शिक्षणासाठी त्यांनी समर्थ विद्यालय काढलं. १९०८ च्या सुमारास 'विश्ववृत्ता'त पं. श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजाविषयीचा लेख छापला म्हणून विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि तीन वर्षांची शिक्षा झाली. शाळाही पुढे सरकारने बंद पाडली. वेदातल्या ऋचांवरचा लेख! आज तो वाचून कुणाच्या मनात बाँबचा विचार येणार नाही. तेव्हाच्या सरकारला मात्र त्यात राज्य उलथवणारं काहीतरी दिसलं. परक्यांचं राज्य होतं, भ्यायला त्यांना कारणं होती. आपल्या राज्यात तसं होऊ नये, एवढी अपेक्षा ठेवणं चूक आहे का?

दिल्ली विद्यापीठातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणारे जी. एन. साईबाबा यांना २०१४ मध्ये यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली अटक झाली, २०१७ मध्ये जन्मठेप झाली, आणि मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. व्हीलचेअरवर असलेल्या माणसाची दहा वर्षं. त्यांची मतं मला पटत होती की नाही याचा इथे संबंध नाही. देशाच्या सुरक्षेसाठी खटला भरायचा तर भरा, पण तो संपायला एका शिक्षकाचं उरलेलं आयुष्य जाणार असेल, तर बाकीचे शिक्षक त्यातून एकच धडा घेतात: बोलू नका.

परदेशांत हेच वारं वेगळ्या बाजूने वाहतंय आणि त्याची झळ थेट सागरमाळापर्यंत, म्हणजे आमच्या विद्यापीठापर्यंत येते. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांतून पातळ थरांवर, नॅनो पदार्थांवर जे काम होतं, त्याच्या जोरावर खेड्यापाड्यांतली पोरं-पोरी कोरियापर्यंत पोहोचली. आमच्याकडे एखाद्या घरी 'आमची धाकटी कोरियाला असती' असं सांगितलं तर कुणाला नवल वाटत नाही. माझी भाची त्यांतलीच. तिने अमोनिया ओळखणारा सेन्सर केला. काचेच्या पट्टीवर करंगळीच्या नखाएवढा थर, त्यावरून वायू गेला की विजेचा रोध बदलतो. "मावशी, दूध संघाच्या शीतगृहात अमोनिया गळला तर माणसाच्या नाकाआधी याला कळंल," असं ती मला समजावत होती.

तिला इंग्लंडमध्ये संशोधनाची जागा मिळाली. तिथे २००७ पासून एटास नावाची छाननी आहे. ठरावीक विज्ञान-तंत्रज्ञानाचे विषय शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याकडून आपल्या हत्यारांच्या ज्ञानाची चोरी होऊ नये म्हणून आधी मंजुरी घ्यायची. २०२१ पासून ती संशोधकांनाही लागू झाली. अमेरिका, जपान, कोरिया, युरोपातले देश यांना सूट आहे, भारताला नाही. अमोनिया ओळखणारा थर थोडा बदलला तर विषारी वायूही ओळखू शकतो, आणि जे ओळखू शकतं त्याबद्दल शंका घेता येते. भाचीने अर्ज भरला, शिफारस करणाऱ्यांची नावं दिली, संशोधनाचा तपशील दिला. मग वाट बघणं. तिथल्या प्राध्यापकांच्या अनुदानाला सुरुवातीची तारीख होती आणि ती तारीख निघून गेली. नकार आला असता तर निदान काही सांगता आलं असतं. ती शेवटी कोरियालाच गेली. तिच्या आईने गावात सांगितलं, "इंग्लंडला थंडी लई म्हणून न्हाई गेली."

तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या माणसांवरही ही पाळी आली आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेचे माजी संचालक गोवर्धन मेहता यांना चेन्नईच्या अमेरिकी वकिलातीने त्यांच्या रसायनशास्त्राच्या कामाचा रासायनिक अस्त्रांशी संबंध जोडून व्हिसा नाकारला. जगभर ओरड झाल्यावर तो निर्णय बदलला. पोखरणनंतर १९९८ मध्ये आपल्या अनेक संस्था अमेरिकेच्या निर्बंध यादीत गेल्या होत्या. त्याआधी ऐंशीच्या दशकात महासंगणक विकत घेताना अमेरिकेने इतक्या अटी घातल्या की पुण्यात आपलाच महासंगणक बनवण्यासाठी सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. या गोष्टीचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्यांनी ज्ञान अडवलं त्यांचा हेतू साध्य झाला नाही.

याहून मोठा दाखला अमेरिकेच्याच इतिहासात आहे. च्यान शुएसन हे कॅलटेकमधले रॉकेटशास्त्रज्ञ, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या पायाभरणीतले एक. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांची गुप्त कामाची परवानगी काढून घेतली, पाच वर्षं जवळजवळ नजरकैदेत ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला पाठवून दिलं. त्यांनी तिथे जाऊन चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम उभा केला. संशयाने केलेलं इतकं नुकसान कुठल्या हेराला करता आलं असतं?

पण दुसरी बाजू खोटी नाही, आणि ती टाळून मला पुढे जायचं नाही. अब्दुल कादिर खान डेल्फ्टला शिकले, ल्यूव्हेनला डॉक्टरेट झाले, आणि नेदरलँड्समध्ये युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांच्या कामावर असताना तिथली माहिती घेऊन १९७५ च्या अखेरीस पाकिस्तानात गेले. त्याचं ओझं आपण आजही वाहतोय. जम्मूत तैनात असलेल्या जवानाची आई माझ्यासमोर बसली तर 'ज्ञान मुक्त असावं' हे वाक्य मी तिला मोकळेपणाने ऐकवू शकणार नाही. मात्र खानांनी जे नेलं ते डेल्फ्टच्या वर्गातलं नव्हतं. ते आधीच गुप्त ठरवलेल्या कामातलं होतं, आणि तिथल्या पहाऱ्यात ढिलाई झाली होती. वर्ग बंद करून ती चोरी थांबली नसती. जे खरोखर जपायचं आहे त्याचा पहारा पक्का असता तर थांबली असती. सगळ्याच दारांना कुलपं लावली की राखणदाराचं लक्ष नेमक्या दारावर राहत नाही.

अमेरिकेने १९८५ मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या एका आदेशाने हे तत्त्व मान्य केलं होतं. मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले ठेवायचे, आणि सुरक्षेसाठी एखादी गोष्ट राखायचीच असेल तर ती रीतसर गुप्त घोषित करायची. अध्येमध्ये लोंबकळत ठेवायची नाही. पुढे त्यांनाही ते पाळणं जड गेलं. २०१८ ते २०२२ या काळात चीनशी संबंध शोधण्याच्या मोहिमेत एमआयटीचे गांग चेन यांच्यासारख्या प्राध्यापकांवर खटले भरले गेले आणि चेन यांच्यावरचे आरोप वर्षभरात मागे घ्यावे लागले. पण म्हणून तत्त्व चुकीचं ठरत नाही. गुप्त आहे तर तसं लिहून द्या, नाही तर खुलं सोडा. अण्णांच्या पत्रावर '५६ एपीओ' स्पष्ट लिहिलेलं असायचं, त्यामुळे काय विचारायचं नाही ते घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बाकी सगळं विचारता येत होतं.

निवृत्त होण्याआधी मी आमच्या अभ्यास मंडळाकडे आणि विद्यापीठाकडे लेखी मागणी केली, आणि आता निवृत्त झाल्यावरही तिचा पाठपुरावा करते आहे. विद्यापीठात या कामासाठी एक माणूस नेमा. वेगळा विभाग नको, इमारत नको. नकाशे, उपग्रहचित्रं, परदेशी पाहुणे, परदेशी अनुदान, निर्यातबंदीच्या यादीतली उपकरणं, यांपैकी कशाला खरोखर परवानगी लागते आणि कशाला लागत नाही, हे त्याला माहीत हवं. संलग्न कॉलेजातल्या कुणीही त्याला पत्र पाठवावं आणि पंधरा दिवसांत सहीशिक्क्यानिशी उत्तर मिळावं: चालेल, चालणार नाही, किंवा अमुक कार्यालयाकडे अर्ज करा. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर 'चालेल' असं धरावं. शिवाय जुन्या कपाटांतले जे नकाशे आता खुल्या मालिकेत आले आहेत त्यांची यादी प्रत्येक भूगोल विभागाला पाठवावी.

पहिल्या पत्राला पोच मिळाली. दुसऱ्या पत्रानंतर एका अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलं, सगळं नीट ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, मुद्दा बरोबर आहे, पण याची जबाबदारी कुणी घ्यायची?" मी त्यांना सांगितलं की आज ती जबाबदारी आपण पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यावर टाकलेली आहे. गगनबावड्याचा तो विद्यार्थी आता एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. खुल्या मालिकेतलं शीट आणि उपग्रहाची उंचीची माहिती घेऊन त्याने घाटातल्या दरडींचा नकाशा नव्याने केला आहे, समोच्चरेषांसकट, आणि तो तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे द्यायचा आहे. देण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं, "मॅडम, ह्याला कुणाची परवानगी लागंल का?" तिसऱ्या पत्रात मी त्याचा हा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आहे आणि खाली उत्तरासाठी जागा सोडली आहे.